विमानखरेदीचा मुहूर्त

व्यापाराचा साधा नियम असा की, गिऱ्हाईक आपली गरज पाहते, माल पारखते, भाव ठरवते आणि पैसे मोजून वस्तू घरी नेते. प्रवासी विमानांचा व्यापार जगात कोठेच इतका सरळ नाही. चीनमध्ये तर तो जवळजवळ कधीच तसा नव्हता. गेल्या पाऊणशे वर्षांत चिनी विमान कंपन्यांनी कोणत्या साली कोणाकडून विमाने घेतली याची नुसती जंत्री मांडली, तरी त्या देशाच्या परराष्ट्रधोरणाचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. कोणाशी सख्य होते, कोणाशी बिनसले होते, कोणाला चुचकारायचे होते आणि कोणाला धडा शिकवायचा होता, हे त्या जंत्रीत वाचता येते. प्रस्तुत लेखात हा इतिहास पाहताना एकच प्रश्न समोर ठेवला आहे. या खरेदीत सरकार नेमके काय ठरवते, आणि काय ठरवणे त्याच्याही हाती नसते?

पहिली बारा विमाने

१ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगमध्ये जनतेच्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात, २ नोव्हेंबरला, नव्या राजवटीने नागरी विमानवाहतुकीसाठी एक कार्यालय स्थापण्याचा निर्णय घेतला आणि ते लष्करी आयोगाच्या अधिपत्याखाली ठेवले. कार्यालय झाले, पण विमाने कोठे होती? जुन्या राजवटीच्या दोन विमान कंपन्यांनी आपला ताफा हाँगकाँगला हलवला होता. ९ नोव्हेंबर रोजी या कंपन्यांच्या प्रमुखांनी आणि वैमानिकांनी पक्ष बदलला व १२ विमाने हाँगकाँगहून उडवून नव्या राजवटीच्या स्वाधीन केली. मागे राहिलेल्या ७१ विमानांवरचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९५२ साली तो चीनच्या विरोधात निकाली निघाला. म्हणजे कम्युनिस्ट चीनच्या नागरी ताफ्याचा श्रीगणेशा खरेदीने झालाच नाही. तो पक्षांतराने झाला.

त्यानंतरची दहा वर्षे सोव्हिएत मैत्रीची. १९५० साली दोन्ही देशांची संयुक्त विमान कंपनी निघाली. १९५५ साली तिचा सोव्हिएत हिस्साही चीनकडे आला. ताफ्यात इल्युशिन बनावटीची विमाने दिसू लागली. पण १९६० साली मॉस्को आणि पेकिंग यांचे संबंध विकोपाला गेले, सोव्हिएत तंत्रज्ञ परत बोलावले गेले आणि एकाच पुरवठादारावर विसंबण्यातला धोका चिनी नेतृत्वाला कळून चुकला. अमेरिकेने चीनशी व्यापारबंदी केलेली होती. ब्रिटनने मात्र १९५० सालीच नव्या राजवटीला मान्यता दिली होती. तेव्हा १९६१ साली चीनने ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीकडे ६ व्हायकाउंट विमानांची मागणी नोंदवली आणि १९६३ साली ती चीनमध्ये दाखल झाली.

पुढचा पुरवठादारही राजकारणानेच सुचवला. १९६४ साली पाकिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीने चीनला विमानसेवा सुरू केली होती. १९७० साली त्याच कंपनीने आपली ४ वापरलेली ट्रायडंट विमाने चीनला विकली. हे ब्रिटिश विमान चीनला इतके पसंत पडले की १९७१ सालापासून त्याने थेट कारखान्याकडे मागण्या नोंदवल्या आणि एकंदर ३५ नवी ट्रायडंट विमाने घेतली. माओ त्से-तुंग यांचे नियोजित वारस लिन बियाओ १३ सप्टेंबर १९७१ रोजी ज्या विमानातून पळून जात असताना मंगोलियात कोसळून मरण पावले, तेही ट्रायडंटच होते.

निक्सन आले आणि बोइंग आले

फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन पेकिंगच्या विमानतळावर ज्या विमानातून उतरले, ते बोइंग ७०७ जातीचे होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चीनने त्याच जातीची १० विमाने सुमारे १२.५ कोटी डॉलरांना विकत घेण्याचा करार केला. दोन्ही देशांत तेव्हा राजदूतांची देवाणघेवाणही नव्हती. ती १९७९ साली झाली. दूतावास उघडण्याआधी सहा वर्षे विमानांचा सौदा झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वॉशिंग्टनने परवाना दिल्याशिवाय बोइंग विकू शकत नव्हती आणि पेकिंगच्या राज्यकर्त्यांनी होकार दिल्याशिवाय खरेदी होणार नव्हती. सौद्याच्या दोन्ही टोकांना सरकारेच उभी होती.

हाच प्रकार डिसेंबर १९७८ मध्ये पुन्हा घडला. परस्परांना पूर्ण मान्यता देण्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात चीनने ३ बोइंग ७४७ विमानांची मागणी नोंदवली. फेब्रुवारी १९७९ मध्ये डेंग झियाओपिंग अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा सिएटलजवळच्या एव्हरेट येथील बोइंगचा कारखाना त्यांनी आवर्जून पाहिला. पुढे जियांग झेमिन, हू जिंताओ आणि शी जिनपिंग या तिघांनीही बोइंगच्या कारखान्याला भेट दिली. चिनी राष्ट्रप्रमुखाच्या अमेरिका दौऱ्यात विमानाचा कारखाना हे जणू नेमाचे क्षेत्र होऊन बसले.

कागद कोणत्या टेबलांवरून जातो?

येथे थोडे थांबून या यंत्रणेची रचना समजून घेतली पाहिजे. १९८० पर्यंत चीनची नागरी विमानवाहतूक वायुदलाच्या छायेखाली होती. त्या वर्षी डेंग यांनी तिने व्यवसाय म्हणून चालले पाहिजे असा आग्रह धरला आणि ती लष्कराकडून काढून मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत आणली. तोवर नियम करणारे, विमाने चालवणारे आणि विमानतळ सांभाळणारे खाते एकच होते. १९८८ सालाच्या सुमारास त्यातून एअर चायना, चायना ईस्टर्न, चायना सदर्न अशा वेगवेगळ्या कंपन्या काढण्यात आल्या. २००२ साली लहानमोठ्या सरकारी कंपन्या एकत्र करून या तिघींचे तीन मोठे गट बांधण्यात आले. कंपन्या निराळ्या झाल्या, त्यांचे समभाग शेअरबाजारातही आले. पण मालकीची सूत्रे राज्याच्याच हाती राहिली आणि त्यांच्या प्रमुखांच्या नेमणुकाही पक्षाच्या संमतीने होत राहिल्या.

अशा कंपनीला विमान हवे असेल, तर ती पुढच्या काही वर्षांची गरज नागरी विमानवाहतूक प्रशासनाला कळवते. ती गरज पंचवार्षिक योजनेच्या चौकटीत बसते की नाही, वैमानिक पुरेसे आहेत की नाहीत, विमानतळांवर जागा आहे की नाही, याची छाननी होते. मोठ्या खरेदीला राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगाची संमती लागते. हा आयोग म्हणजे जुन्या नियोजन मंडळाचाच वारस होय. निर्मात्याशी घाऊक बोलणी करण्याचे काम १९८० साली स्थापन झालेल्या चायना एव्हिएशन सप्लाइज या सरकारी संस्थेकडे असते. ती शेकडो विमानांचा ठोक करार करते आणि मग ती विमाने निरनिराळ्या कंपन्यांना वाटून दिली जातात. खाजगी कंपन्या पुष्कळदा भाड्याने विमाने आणतात. परंतु देशात विमान आणण्याची परवानगी त्यांनाही घ्यावीच लागते.

या रचनेचे फायदे नाहीत असे म्हणता येणार नाही. शंभर विमानांचा गिऱ्हाईक पाच विमानांच्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक सवलत मिळवतो, हे उघड आहे. आणि सरकारच्या लगामाने कधी कधी प्राणही वाचले आहेत. १९९०च्या दशकाच्या आरंभी चीनमध्ये विमान कंपन्यांचे पेव फुटले आणि अपघातांची मालिका सुरू झाली. नोव्हेंबर १९९२ मध्ये क्वेलिनजवळ बोइंग ७३७ कोसळून १४१ जण दगावले. जून १९९४ मध्ये शीआनजवळ सोव्हिएत बनावटीचे टुपोलेव्ह-१५४ कोसळले आणि १६० जणांचा अंत झाला. त्यानंतर प्रशासनाने वाढीला आवर घातला, प्रशिक्षण व देखभालीचे नियम कडक केले आणि टुपोलेव्ह विमाने हळूहळू सेवेतून काढली. पुढच्या काळात चीनची विमानसेवा जगातील सुरक्षित सेवांमध्ये गणली जाऊ लागली.

राज्ययंत्रणेच्या या भिंतीला एखादी फट होती का? एक मासलेवाईक उदाहरण आहे. मोउ छिचुंग नावाच्या सिच्वान प्रांतातील उद्योजकाने सोव्हिएत संघराज्य मोडकळीस आले असताना एक अदलाबदल जमवली. डबाबंद खाद्यपदार्थ, कपडे आदी माल रेल्वेच्या शेकडो डब्यांतून तिकडे पाठवला आणि मोबदल्यात सिच्वान एअरलाइन्सला ४ टुपोलेव्ह-१५४ विमाने मिळवून दिली. ही कथा चीनमध्ये आजही सांगितली जाते, यावरूनच असा सौदा किती विरळा होता ते समजावे.

मागणीची भाषा

१९८५ साली पहिले एअरबस चीनमध्ये उतरले आणि बोइंगला युरोपीय प्रतिस्पर्धी मिळाला. दोन दुकानदार समोरासमोर आले की गिऱ्हाइकाचा भाव वाढतो. ही किल्ली चिनी राज्यकर्त्यांनी लवकरच ओळखली.

त्या काळी चीनला व्यापारी सवलतीचा दर्जा द्यायचा की नाही, यावर वॉशिंग्टनमध्ये दरवर्षी वाद होई. १९८९ साली थिएन-आन-मेन चौकात झालेल्या रक्तपातानंतर हा दर्जा मानवी हक्कांशी जोडावा, अशी मागणी जोर धरू लागली होती. तो सवलतीचा दर्जा चालू राहावा म्हणून अमेरिकी संसदेत जी मंडळी झटत, त्यांत बोइंग आघाडीवर होती. मे १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी व्यापार आणि मानवी हक्क यांची गाठ सोडून टाकली.

मार्च १९९६ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीत चीनने क्षेपणास्त्रे डागली आणि अमेरिकेने आपल्या विमानवाहू नौका त्या बाजूला पाठवल्या. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान ली पेंग पॅरिसला गेले आणि एअरबसच्या तीसहून अधिक विमानांची खरेदी जाहीर झाली. युरोपीय देश राजकीय बाबतीतही सहकार्य करतील तर त्यांना आणखी मागण्या मिळतील, असे ली पेंग यांनी त्या सुमारास उघडपणे बोलून दाखवले. एप्रिल १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगापुढे चीनविषयीचा ठराव आला, तेव्हा फ्रान्सने त्याचे सहप्रायोजक होण्याचे नाकारले. ते काम डेन्मार्कने अंगावर घेतले आणि ठराव चर्चेला येण्यापूर्वीच बारगळला. पुढच्या महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक बीजिंगला गेले आणि ३० एअरबस विमानांचा करार झाला. कोणी कोणाला काय वचन दिले याचा कागद कोणी पाहिलेला नाही. परंतु घटनांचा क्रम बोलका आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जियांग झेमिन वॉशिंग्टनला गेले, तेव्हा ५० बोइंग विमानांची, सुमारे ३ अब्ज डॉलरांची, खरेदी जाहीर झाली. पारडे पुन्हा समतोल झाले.

या व्यवहाराकडे चिनी बाजूने पाहिले तर काय दिसते, हे २००५ साली व्यापारमंत्री बो शिलाय यांनी मार्मिकपणे सांगितले. युरोप चीनच्या कापडाच्या आयातीवर निर्बंध घालू पाहत होता. एक एअरबस ए-३८० घ्यायचे तर आम्हाला ८० कोटी सदरे विकावे लागतात, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. विमानाच्या किमतीत किती शिंप्यांचे, विणकरांचे आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलींचे श्रम सामावलेले असतात, याचे भान या एका हिशेबाने यावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंतप्रधान वेन जियाबाओ फ्रान्समधील तुलूझच्या कारखान्यात गेले आणि १५० एअरबस विमानांचा करार झाला. पुढच्या वर्षी शिराक बीजिंगला आले, आणखी १५० लहान विमानांचा करार झाला आणि थिएनजिन शहरात एअरबसच्या जुळणीचा कारखाना उभारण्याचे ठरले.

आणि मागणी रोखली गेली तर? १ जानेवारी २०१२ पासून युरोपीय संघाने आपल्या विमानतळांवर येणाऱ्या सर्व विमान कंपन्यांवर प्रदूषणशुल्काची योजना लागू केली. चीनने आपल्या कंपन्यांना त्या योजनेत सामील होण्यास मनाई केली आणि एअरबसच्या सुमारे ४५ मोठ्या विमानांच्या खरेदीला मंजुरी देणे थांबवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपने परदेशी उड्डाणांपुरती ती योजना स्थगित केली. अमेरिका, भारत, रशिया यांचाही तिला विरोध होता, त्यामुळे हे यश एकट्या चीनचे नव्हे. पण विमाने बनवणाऱ्या कारखान्याचे मालकच आपल्या सरकारांना योजना मागे घ्या म्हणून विनवू लागले, हा परिणाम चीनच्या अडवणुकीचा होता. मार्च २०१४ मध्ये शी जिनपिंग पॅरिसला गेले, ७० एअरबस विमानांचा करार झाला आणि अडवलेली मोठी विमाने त्यात मोकळी झाली.

खरेदी एक, घोषणा अनेक

आतापर्यंतची हकीकत वाचून असे वाटेल की, चिनी सरकार पाहिजे तेव्हा पाहिजे तितकी विमाने पाहिजे त्या देशाकडून घेते. येथेच बारकाईने पाहण्याची गरज आहे.

जानेवारी २०११ मध्ये हू जिंताओ वॉशिंग्टनला गेले तेव्हा २०० बोइंग विमानांची, १९ अब्ज डॉलरांची, खरेदी थाटात जाहीर झाली. प्रत्यक्षात त्यांतील विमानांच्या मागण्या आधीच्या काही वर्षांत नोंदवल्या गेल्या होत्या. भेटीच्या वेळी मिळाली ती सरकारची अंतिम मंजुरी. सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग यांच्या दौऱ्यात ३०० बोइंग विमाने जाहीर झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प बीजिंगला गेले तेव्हा पुन्हा ३०० विमानांचा, ३७ अब्ज डॉलरांचा, आकडा झळकला; त्यात पूर्वीच्या मागण्या किती मिसळल्या आहेत, हा प्रश्न जाणकारांनी तेव्हाच विचारला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांच्या भेटीत १४० आणि एप्रिल २०२३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांच्या भेटीत १६० एअरबस विमानांची खरेदी मंजूर झाल्याचे सांगण्यात आले. या दोन्ही आकड्यांत पूर्वी जाहीर झालेली विमाने पुन्हा मोजलेली होती. शिवाय हे सर्व आकडे छापील किमतीचे असतात. विमानाच्या व्यापारात छापील किंमत कोणीच मोजत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला भरघोस सूट मिळते.

म्हणजे पद्धत अशी दिसते. गरज विमान कंपनीची असते आणि ती प्रवाशांच्या संख्येतून जन्मते. १९८० साली काही लाखांत मोजले जाणारे चिनी विमानप्रवासी २०१९ साली ६० कोटींच्या वर गेले. इतक्या लोकांना वाहून नेण्यासाठी हजारो विमाने लागणारच होती. राष्ट्रप्रमुखांच्या भेटी झाल्या नसत्या तरीही. तेव्हा विमानांची संख्या मुख्यतः गरज ठरवते. सरकार ठरवते तो मुहूर्त. मंजुरीचा कागद केव्हा हलवायचा, कोणत्या पाहुण्याच्या साक्षीने त्यावर सही करायची, कोणाचा कागद फडताळात ठेवून द्यायचा आणि दोन दुकानदारांत वाटणी कशी करायची, हे सरकारच्या हाती. लग्न घरच्यांनी केव्हाच ठरवलेले असते. यजमान फक्त कोणा मानकऱ्याची वाट पाहत मुहूर्त पुढे ढकलत राहतो, तसाच हा प्रकार.

याची उलटी खूणही मिळते. डिसेंबर २००८ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दलाई लामांना भेटले. ही भेट ठरल्यामुळे संतापलेल्या चीनने युरोपीय संघाबरोबरची शिखर परिषद आधीच लांबणीवर टाकली होती आणि पुढच्या वर्षी वेन जियाबाओ यांनी युरोपच्या दौऱ्यातून फ्रान्सला वगळले. पण थिएनजिनमधील एअरबसचा कारखाना चालूच राहिला. जून २००९ मध्ये तेथील पहिले विमान बाहेर पडून सिच्वान एअरलाइन्सकडे गेले. पंगतीतले पान मांडले नाही, पण स्वयंपाकघर बंद पडले नाही.

दोनच दुकाने

सरकारच्या हाताला आणखी एक मर्यादा आहे. मोठी प्रवासी विमाने विकणारी दुकाने जगात दोनच. एकावर रुसायचे तर दुसऱ्याच्या दारात रांग लावावी लागते, आणि ती रांग वर्षानुवर्षांची असते.

१० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीचे विमान कोसळले. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात तसेच विमान कोसळले होते. दोन्ही मिळून ३४६ माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, ११ मार्चला, चीनने ही विमाने जमिनीवर उतरवली. अमेरिकेने तोच निर्णय १३ मार्चला घेतला. चिनी प्रशासनाने दाखवलेली ही सावधगिरी योग्यच होती. पण पुढे अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि युरोपने जानेवारी २०२१ मध्ये या विमानांना पुन्हा परवानगी दिली, तर चीनने डिसेंबर २०२१ पर्यंत वेळ घेतला आणि चिनी कंपनीचे ते विमान पुन्हा प्रवासी घेऊन उडाले ते जानेवारी २०२३ मध्ये. या दिरंगाईत सुरक्षेची काळजी किती, महामारीमुळे ओसरलेली गर्दी किती आणि व्यापारयुद्धाचा राग किती, याची वाटणी बाहेरच्या माणसाला करता येणार नाही.

मार्च २०१९ मध्येच शी जिनपिंग पॅरिसमध्ये ३०० एअरबस विमानांचा करार करून आले होते. जुलै २०२२ मध्ये तिन्ही सरकारी गटांनी एकाच दिवशी २९२ एअरबस विमानांची खरेदी जाहीर केली. तीन स्पर्धक कंपन्यांना एकाच दिवशी एकाच जातीच्या विमानाची गरज भासावी, हा योगायोग नव्हे. चायना ईस्टर्नच्या वाट्याला १००, चायना सदर्नच्या ९६ आणि एअर चायनाला तिच्या शेनझेन एअरलाइन्ससह ९६, अशी वाटणी होती. दोन देशांतील राजकीय मतभेदांमुळे आपल्या कामगारांचे नुकसान होत असल्याची खंत बोइंगने तेव्हा जाहीरपणे व्यक्त केली. एके काळी बोइंगच्या दर चार विमानांपैकी सुमारे एक चीनला जात असे. आज चिनी ताफ्यात एअरबस पुढे आहे.

एप्रिल २०२५ मध्ये या खेळाचे टोक दिसले. अमेरिकेने चिनी मालावरील जकात १४५ टक्क्यांवर नेली, चीनने अमेरिकी मालावर १२५ टक्के जकात बसवली आणि चिनी कंपन्यांनी बोइंगची विमाने ताब्यात घेणे थांबवले. चीनमधील चौशान येथे बोइंगचे विमाने सजवून सुपूर्द करण्याचे केंद्र आहे. झियामेन एअरलाइन्सच्या रंगांत रंगवलेले एक नवे विमान तेथून पॅसिफिक महासागर ओलांडून सिएटलला परत गेले. मे महिन्यात दोन्ही देशांनी जकात घटवली आणि ताबे पुन्हा सुरू झाले. विमानात दोष नव्हता, कंपनीला ते नको होते असेही नव्हते. मुहूर्त तेवढा टळला होता.

स्वतःचा कारखाना

अशा परावलंबनाचा वीट येऊन चीनने स्वतः विमान बांधण्याचे प्रयत्न केले नसते तरच नवल. शांघायमध्ये बांधलेले वाय-१० विमान सप्टेंबर १९८० मध्ये उडाले. पण त्याची एंजिने अमेरिकी होती आणि काही वर्षांत तो प्रकल्प सोडून देण्यात आला. १९८५ च्या करारानुसार मॅकडॉनेल डग्लस कंपनीची ३५ एमडी-८० मालिकेतील विमाने शांघायमध्ये जुळवण्यात आली. त्यांतील ५ अमेरिकेलाही विकली गेली. त्यापुढील एमडी-९० विमानांची मोठी योजना मात्र अवघ्या २ विमानांवर आटोपली. सुटे भाग जुळवणे निराळे आणि विमान घडवणे निराळे, हा धडा त्यातून मिळाला.

मे २००८ मध्ये कोमॅक ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे सी-९१९ विमान मे २०१७ मध्ये प्रथम उडाले आणि मे २०२३ मध्ये प्रवासी घेऊन जाऊ लागले. पुढे चायना ईस्टर्न, एअर चायना आणि चायना सदर्न या तिघींनी प्रत्येकी १०० सी-९१९ विमानांचे करार केले. तीन कंपन्यांची गरज नेमकी शंभर-शंभर कशी, हे वाचकांनी स्वतःच ओळखावे. येथे गिऱ्हाईक सरकार, दुकानदारही सरकार आणि परवाना देणारेही सरकारच. तरीसुद्धा मागणीच्या मानाने कारखान्यातून विमाने सावकाश बाहेर पडत आहेत, आणि त्यांची एंजिने अमेरिकी-फ्रेंच कंपनीची आहेत. २०२५ साली अमेरिकेने या एंजिनांचा पुरवठा काही आठवडे रोखला, तेव्हा मुहूर्त पुढे ढकलण्याची कला दुसऱ्या पक्षालाही अवगत असल्याचे दिसून आले.

समारोप

हे सर्व चीनच्याच बाबतीत घडते, असे मानणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने २५० एअरबस आणि २२० बोइंग विमानांची खरेदी जाहीर केली, तेव्हा फ्रान्स आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या पंतप्रधानांशी त्याबद्दल संवाद साधला होता. फरक इतकाच की, आपल्याकडे निर्णय एका खाजगी कंपनीने घेतला आणि राज्यकर्ते समारंभाला आले. चीनमध्ये समारंभाची तारीख ठरेपर्यंत कंपनीचा निर्णय पुरा होत नाही.

दोष केवळ यजमानाला देऊनही भागत नाही. मुहूर्ताला किंमत येते ती पाहुणे त्याची वाट पाहतात म्हणून. लोकशाही देशांचे नेते मोठा आकडा घेऊन मायदेशी परतण्यासाठी आतुर असतात. त्यातील निम्मा आकडा जुनाच आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि तरीही ते छायाचित्रासाठी उभे राहतात. १९९७ साली जिनीव्हात जो ठराव चर्चेलाही आला नाही, त्यात तुरुंगात पडलेल्या माणसांचा प्रश्न होता. त्यांची नावे टेबलावरून उचलून ठेवण्याने फ्रान्सला जी ३० विमाने विकता आली, ती वाढत्या प्रवाशांसाठी चीनला कोठून तरी घ्यावीच लागणार होती. दुकाने दोनच होती. ती विमाने कोणाला लवकर मिळाली, कोणाला उशिरा, एवढाच फरक पडला असता. तेव्हा पाहुण्यांनी जे मौन दिले, ते बहुतेक वेळा नुसत्या तारखेसाठी दिले.

विमानाच्या करारपत्रात एंजिने, आसने आणि सुटे भाग यांची किंमत तपशीलवार लिहिलेली असते. या मौनाची किंमत मात्र कोठेही लिहिलेली नसते. ती सही करणाऱ्यांपैकी कोणी मोजत नाही. ज्यांना ती मोजावी लागते, ते त्या समारंभाला बोलावलेले नसतात.